दादा, तू आईचा फोटो कापलास

दादा, माणसं येऊन गेली. सोप्यात बसून सगळे एकच बोलत होते, की पेंटर सोन्यासारखा माणूस होता, कुणाला कधी उलटून बोलला नाही, कुणाचं काम अडवून ठेवलं नाही. मी आत चहाच्या भांड्यापाशी होते. मला बाहेर बोलावलं असतं तरी मी गेले नसते, आणि गेले असते तरी बोलले नसते. चार माणसांपुढं माझी जीभ उचलत नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा फायदा तू जन्मभर घेतलास. आता तू मधेच "गप गं सुमे" म्हणायला नाहीस, म्हणून लिहून काढते. चौथीपर्यंतचंच शिक्षण आहे माझं, पण यात अवघड शब्द लागणार नाहीत.

मला तुझा राग आहे. तू आजारी होतास तेव्हा होता, तुला उचलून नेलं तेव्हा होता, आणि आज शेडला कुलूप लागलं तरी आहे. वैनी रडते, करुणा रडते, मीही रडले. पण त्या दोघी नवऱ्यासाठी आणि बापासाठी रडत होत्या. मी कशासाठी रडत होते, ते आपल्या दोघांनाच माहीत होतं. आता मला एकटीला माहीत आहे.

आपल्या आईचा एकच फोटो होता. गगनबावड्याच्या बाजारात कुठला तरी फिरता फोटोवाला आला होता, त्यानं चार बायकांचा मिळून काढलेला. आई गेल्यावर आबांनी त्यातलं तिचं एकटीचं तोंड कोल्हापुरात मोठं करून घेतलं आणि काचेच्या चौकटीत बसवलं; मूळचा चौघींचा फोटो पुढं कुठं गेला, कळलं नाही. ती गेली तेव्हा तू शाळेत जात होतास, तिच्या हातची भाकरी खाल्लेली होतीस. मी कडेवर होते. तुझ्याकडे खरी आई होती. माझ्याकडे ती चौकट होती. गाव सोडून आपण इकडे कोल्हापूरच्या बावड्याला राहायला आलो तेव्हा आबा चूल, भांडी, घोंगडी बघत होते आणि मी गाडीत फोटो मांडीवर घेऊन बसले होते. हे तू गिऱ्हाइकांना हसत सांगायचास, "आमची सुमी, फोटोला गाडी लागंल म्हणून काच धरून बसलीती."

तुझं चांगलंही लिहिते, नाहीतर खोटं होईल. माझ्या नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा तू टेम्पो घेऊन आलास, माझी ट्रंक उचललीस आणि त्या घरात कुणाशी एक शब्द बोलला नाहीस.  पंचगंगेचा पूल ओलांडल्यावर तू म्हणालास, "कॉम्प्रेसरचं पाणी काढायला माणूस लागतंय मला. रोज इसरतो." झालं, तेवढंच. मला घरात ठेवून घेतल्याचं तू कधी बोलून दाखवलं नाहीस आणि वैनीलाही बोलू दिलं नाहीस.

कारखान्याच्या रस्त्याला आपलं पत्र्याचं शेड. उसाचा हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, एरवी मोटरसायकलच्या टाक्या आणि रिक्षा. तेव्हा बावड्यात बाकीचे पेंटर ब्रशानं फुलं आणि नावं काढायचे. एअरब्रश तुझ्याकडेच होता. आपण त्याला नुसतं गन म्हणायचो. पावसाळी हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी धरतं, ते नळीतून आलं की गन थुंकते आणि रंगवलेल्या गालावर देवीचे वण उठतात. म्हणून रोज टाकीचा नळ सोडून पाणी काढणं, हे माझं पहिलं काम. मग गनची सुई धुणं. मग एक दिवस तू गन माझ्या हातात दिलीस आणि पाठीमागं उभा राहिलास.

बोट खाली दाबलं की हवा, मागं ओढलं की रंग. एका फेरीत गडद करायचं नाही, हलक्या फेऱ्या एकावर एक चढवायच्या. कापलेला कागद पत्र्याला टेकवला तर सावलीला धार येते, बोटभर वर धरला तर धार विरून जाते. हनुवटीखालची सावली धारेची, नाकाच्या बाजूची विरलेली. आणि सावलीत काळा घालायचा नाही, काळ्यानं तोंड मळतं. तपकिरीत किंचित जांभळा. हे सगळं तू मला कसलीही घाई न करता शिकवलंस. शेडमध्ये आडोशाला पत्रा लावून दिलास, त्यामागं बसून मी टाक्यांचं शेडिंग करायचे आणि गिऱ्हाईक बाहेर तुझ्याशी बोलायचं. मला तेच हवं होतं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

भांडण व्हायचं ते रंगावरून. कुणी आपल्या वारलेल्या बापाचा फोटो घेऊन यायचा. बाप उन्हात राबलेला, काळा, गालफडं बसलेला. तू त्याला केळीच्या गाभ्यासारखा उजळ काढायचास. एकदा हळदी गावचा एक ट्रॅक्टरवाला ट्रॉलीवरचा बाप बघून म्हणाला, "पेंटर, माझा बा येवढा गोरा असता तर माझं लगीन दोन वर्सं आधी झालं असतं." सगळं शेड हसलं. मी आडोशामागून तुला हळूच म्हणाले, की हा त्याचा बाप नव्हे, दुसऱ्याचा आहे. तू म्हणालास, "सुमे, गेल्यावर तरी माणसाला उजेडात बसू दे की." मी म्हणाले, उजेडात बसव, पण त्यालाच बसव. हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. मिटलं नाही ते बरंच झालं. त्यात मी बरोबर होते.

मग ती सजवलेल्या रिक्षांची स्पर्धा आली. कोपऱ्यावरच्या थांब्यावरचे बापू रिक्षावाले, तुझे दोस्त. त्यांना रिक्षाच्या पाठीवर 'आई' काढून हवी होती. त्यांची स्वतःची आई जिवंत. ती म्हणाली, मला रिक्षावर टांगू नको, मी अजून मेले नाही. तर तू म्हणालास, आमची काढतो. मी तेव्हा गगनबावड्याला मावशीकडे गेले होते. आईची धाकटी बहीण, तिचे गुडघे धरले होते म्हणून मदतीला. मला कुणी विचारलं नाही. विचारायचं तुझ्या मनातही आलं नसेल.

मी परत आले तेव्हा दुपार होती. घरात शिरले आणि पहिल्यांदा भिंतीकडे बघितलं, रोजच्या सवयीनं. चौकट खिळ्याला होती. आत पुठ्ठा होता. पुठ्ठ्यावर फोटोएवढा पांढरा चौकोन, बाकीचा पिवळा पडलेला. तू रिकामी चौकट परत भिंतीला लावून ठेवली होतीस, दादा. ती तरी काढून ठेवायची होतीस.

आपल्या धंद्याची रीत काय होती? फोटोवरून मोठी झेरॉक्स काढायची, त्या झेरॉक्सचे गडद भाग ब्लेडनं कापायचे, आणि त्या भोकांतून रंग मारायचा. आधी भुवया, बुबुळं, केस. मग नाकाची सावली, ओठांची फट. मग गळा. प्रत्येक रंगाला नवी झेरॉक्स. नवा पेंटरसुद्धा फोटोला ब्लेड लावत नाही. मी शेडमध्ये आले तेव्हा बाकाखाली तुकडे पडले होते. एक गालाचा, एक पदराचा, एक कपाळाचा. त्यांच्यावर तपकिरी रंगाचा थर चढलेला. प्रत्येक फेरीनंतर तू ते थिनरच्या बोळ्यानं पुसले होतेस, परत वापरायला. रंग आणि फोटो मिळून राखाडी लगदा झाला होता. डोळ्यांचे तुकडे तर नव्हतेच. ते बारीक, ते केरात गेले.

मी तुकडा हातात धरून विचारलं, "फोटो कापलास?"

"झेरॉक्सवाला बंद हुता. आन सकाळी रिक्षा लावायची हुती."

"आपल्याकडं दुसरा न्हाय, दादा."

"लागतोय कशाला? ही बग की, फोटोपरास चांगली झालीया. आन आई माझ्या डोक्यात हाय. कवाबी काढीन."

"तुझ्या डोक्यात हाय. माझ्या?"

तू काही बोलणार होतास, तेवढ्यात बापू आले. चित्र बघून त्यांनी रिक्षाला हात जोडले आणि म्हणाले, "पेंटर, आता तुझी आई जलमभर माझ्या रिक्षात. भाडं न्हाय घेणार." तू हसलास. मी आडोशामागं गेले. बापूंपुढं मला बोलता आलं नाही आणि तू सुटलास.

चित्र वाईट होतं असं मी म्हणणार नाही. इतकं शेडिंग तू त्याआधी कधी केलं नव्हतंस, त्यानंतरही नाही. नाकाची सावली कुठं सुरू होते आणि कुठं विरते, ते माझ्यासारखीलाही सापडत नव्हतं. डोळे असे, की रिक्षा वळली तरी ते तुमच्याकडेच बघत राहायचे. पण ती दुधासारखी गोरी होती. ओठ गुलाबी होते. आपली आई डोंगरउतारावर नाचणी करणारी बाई, मावशीपेक्षाही सावळी, हे मावशीनंच मला सांगितलेलं. फोटो काळा-पांढरा असला तरी त्यात ते कळायचं. तू काढलीस ती कुणाची तरी आई असेल. बक्षीस तिलाच मिळालं.

पुढं ती रिक्षा रोज कोपऱ्यावर उभी. मी दळणाला जाताना तिला ओलांडून जायची. नको म्हटलं तरी डोळे जायचे. असं करता करता काय झालं, ते तुला मी कधी सांगितलं नाही. डोळे मिटून फोटो आठवायला गेले, की मधे तुझं गुलाबी चित्र यायला लागलं. फोटोतली एक भुवई जरा वर होती. डावी की उजवी? मला सांगता येईना. मी घाबरले. मग स्वतःची समजूत घातली, की दादाच्या डोक्यात आहे. माझ्याकडे फोटो होता तो गेला, पण दादानं खरी आई बघितली आहे. या एका गोष्टीसाठी मी तुझ्याशी बोलत राहिले. नाहीतर त्या दुपारनंतर मी तुझ्याशी बोलले नसते.

बापूंनी रिक्षा विकली. घेणारा बिद्रीकडचा. त्याला परक्या बाईचं तोंड नको होतं, त्यानं पाठीवर गरुड सांगितला, आणि काम घेऊन आला तो आपल्याच शेडवर. तू मला म्हणालास, जुनं चित्र जरा घासून घे. मी गनची सुई तिथंच टाकली आणि घरी निघून आले. तुझं एवढं एकच काम मी नाकारलं. घर शेडला लागूनच. रंग घासायचा पाण्याचा कागद पत्र्यावर फिरल्याचा आवाज येत होता. मधे बराच वेळ थांबला. मला वाटलं, तुला काहीतरी वाटलं. मग परत सुरू झाला.

त्यानंतर मी तुझ्या मागं लागले. एका पत्र्यावर काढून दे, लहान का होईना, रंगानं खरी काढून दे. तू दर वेळी म्हणायचास, काढू की, हंगाम होऊ दे. हंगाम व्हायचा, मग टाक्या यायच्या, मग गणपतीच्या मंडळांची कामं यायची. शेवटी मीच काढायला घेतलं. जुन्या ट्रॉलीचा एक पत्रा होता, त्यावर. सावळा रंग मी मिसळून मिसळून आणला. तोंड उभं केलं, तुला बोलावलं. तू लांबूनच बघितलंस आणि म्हणालास, "न्हाय. अशी न्हवती."

कुठं चुकलं, विचारलं. सांगता येत नाही म्हणालास. अशी नव्हती, एवढं खरं.

मी घासलं, परत काढलं. तू परत "अशी न्हवती." हनुवटी बारीक केली, कपाळ रुंद केलं, भुवई एकदा डावी वर केली, एकदा उजवी. त्या पत्र्यावर रंगाचे इतके थर चढले, की कडेला पापुद्रे सुटायला लागले. वर्षं गेली यात. एकदा मी म्हणाले, की पत्रा घेऊन मावशीकडे जाते, ती सांगेल. तू म्हणालास, "मावशीला सोताचा हात दिसत न्हाय, ती काय सांगणार? मी हाय की." मी गेले नाही. तू आहेस म्हणून गेले नाही. मावशी पुढच्याच पावसाळ्यात गेली. बाजारातल्या त्या मूळ फोटोतल्या बाकीच्या तिघी कोण, कुणाकडं त्याची प्रत असेल, हेही तिलाच ठाऊक होतं.

तुझी छाती भरायला लागली तेव्हा मी तुला कितीदा सांगितलं, की तोंडाला फडकं बांध. मी बांधायची. तू म्हणायचास, वास आल्याशिवाय रंग कळत नाही. खोटंच. माझा रंग कधी चुकला नाही. डॉक्टरांनी वैनीला बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा मी दाराशी होते, मलाही ऐकू आलं. आणि मला पहिल्यांदा काय आठवलं, ते लिहिते, कारण हे कुणी वाचणार नाही. मला आई आठवली. मनात आलं, की आता हा तिलाही डोक्यातून सोबत घेऊन जाणार.

त्या दुपारी वैनी डबा आणायला घरी गेली होती. मी दवाखान्यात तुझ्या कॉटपाशी बसले आणि विचारलं. दादा, सांग मला. कपाळ कसं होतं, कुठली भुवई वर होती, हसली की कुठल्या गालाला सावली पडायची? सांग, मी काढते. तू माझ्यावरची नजर काढून वर पंख्याकडे नेलीस.

"सुमे, मलाबी न्हाय आठवत."

मला वाटलं तुला धाप लागली आहे म्हणून टाळतोस. मी म्हणाले, सावकाश सांग, उद्या सांग.

"आगं न्हायच आठवत. डोळं मिटलं की मीच काढलेली दिसती. ती रिक्षावरची. घासायच्या येळला थांबून बगितलं, हिच्या आदीची येती का. न्हाय आली."

"मग 'अशी न्हवती' कशावरनं म्हणत हुतास?"

तू डोळे मिटून घेतलेस. पाणी आलं होतं डोळ्यांतून, ते मी बघितलं. पुसलं नाही. तेवढ्यात वैनी डबा घेऊन आली. नंतर तुझ्या तोंडाला ऑक्सिजन लागला आणि आपलं बोलणं तिथंच राहिलं.

म्हणजे रिक्षा घासली त्या दिवसापासून तुला ठाऊक होतं. तुझ्या डोक्यात काही नाही, हे कळून तू गरुड काढलास आणि घरी येऊन जेवलास. मी पत्रा घेऊन तुझ्यापुढं उभी राहायची आणि तू मोठ्या माणसासारखा मान हलवायचास. त्यातलं एखादं तोंड खरं उतरलं असेल, दादा. एखाद्या वेळी भुवई बरोबर आली असेल. तू नाही म्हणालास आणि मी ते माझ्या हातानं घासून टाकलं. फोटो कापलास ते घाईत. घाईत माणूस काहीही करतो, ते मी एखाद्या वेळी पोटात घातलंही असतं. पण "मला आठवत न्हाय" एवढं म्हणायला तुला काय लागत होतं? मावशी होती तेव्हा. मी तिचा हात धरून पत्र्यावरून फिरवला असता. डोळे नसले तरी बोटांनी तिनं बहीण सांगितली असती. तुला थोरलेपण सोडवत नव्हतं. घरात आई बघितलेला तू एकटा, ही तुझी गादी होती.

आता पुढचं. तुझ्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, त्यात तुझा फोटो ठेवायचा आहे. करुणानं लग्नातला एक फोटो मोठा करून आणला, पण वैनीला तुझं चित्रच हवं. म्हणाली, एवढ्यांना त्यांनी रंगवलं, त्यांना कोण रंगवणार, बाहेरच्याला देऊ नका, तुम्हीच काढा. आणि जरा उजळ काढा वन्सं, ते सगळ्यांना उजळच काढायचे.

मी शेडचं कुलूप काढलं. कॉम्प्रेसरचं पाणी सोडलं. फोटोवर रंगाचा फवारा उडू नये म्हणून तो दूर बाकावर पालथा ठेवला. तोंडाला फडकं बांधलं आणि बसले.

तपकिरी, त्यात जांभळा, आणि पांढरा अगदी थोडा. तुझ्या डाव्या डोळ्याची पापणी जरा खाली येते, ती. नाकाचा शेंडा किंचित वाकडा, त्याची सावली उजवीकडे जास्त. थिनर उडून भाजलेला हनुवटीजवळचा डाग. डोळ्यांखालची काळी सावली, ती शेवटच्या वर्षात उतरत गालापर्यंत आली होती. ओठ बिडीनं करडे. आणि कुणी खरं विचारलं की खालचा ओठ तू किंचित आत ओढून घ्यायचास, तोही काढला. त्यासाठी कागद बोटभरही उचलला नाही, तिथं धारच हवी होती.

वैनी बघायला आली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "लई काळं केलासा की वो वन्सं." मी गप्प राहिले. एरवी मी लाजून गप्प राहते, आज तसं नव्हतं. ती कितीही म्हणाली असती तरी मी वर पांढऱ्याची एक फेरीही मारणार नव्हते. करुणा जवळ आली, हनुवटीजवळच्या डागाला तिनं बोट लावलं. मग म्हणाली, "पप्पाच हायत. चिडल्यावर असंच बगायचं." तिच्या हाताला रंग लागला, ओला होता.

मग तिनं बाकावरचा पालथा फोटो उचलला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आत्ती, फोटो तर बगितलासच न्हाईस?"

तिला नाही सांगितलं, तुला लिहिते. आईकडे मी मायेनं बघायची आणि ती माझ्या डोळ्यांपुढून पुसली गेली. तुझ्याकडे मी इतकी वर्षं रागानं बघत आले. फोटोची गरज पडली नाही.